पंधराव्या ठाण्यापासूनचा खडक

अंटार्क्टिकाला मी दोनदा जाऊन आले, पण एकही पेंग्विन पाहिलेला नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण टेक्सासमधल्या फ्रिस्कोच्या आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लेख मागायला जी मुलगी आली होती, तिचा चेहरा हे ऐकून पार उतरला. "काकू, निदान एखादा फोटो तरी असेल ना पेंग्विनसोबत?" तिनं विचारलं. पेंग्विन समुद्रकाठी राहतात. आम्ही किनाऱ्यापासून विमानानं काही तास आत होतो, जिथं माशीदेखील फिरकत नाही. फोटो आहेत, पण त्यांत खाली पांढरं, वर पांढरं आणि मधे लाल जाकिटात गुंडाळलेली मी. माझ्याऐवजी पोस्टाची पेटी उभी केली असती तरी फरक कळला नसता.

"मग तुम्ही तिथे एक्झॅक्टली करायचात काय?" हा तिचा पुढचा प्रश्न. तोच मला तीस वर्षं सगळ्यांनी विचारलाय, म्हणून एकदाच नीट उत्तर देते.

बर्फाखाली काय आहे ते न खणता शोधून काढणं, हे आमचं काम. टरबूज घेताना आपण टिचकी मारून आवाज ऐकतो ना, मुळात तेच. फक्त इथलं टरबूज दीड-दोन किलोमीटर जाड असतं आणि टिचकी सुरुंगाची असते. बर्फात खोल भोक पाडायचं, त्यात थोडी दारू ठासायची आणि उडवायची. आवाज खाली जातो, तळाला आपटतो आणि साधारण सेकंदाभरात परत वर येतो. तो ऐकायला बर्फावर ओळीनं जिओफोन रोवलेले असतात. जिओफोन म्हणजे मुठीत मावेल एवढी डबी, आत लोहचुंबक आणि तारेचं वेटोळं, खाली खिळा. जमीन हलली की वेटोळं हलतं, वीज निर्माण होते आणि यंत्रावर रेघ वरखाली होते.

आता यातली गोम. आवाज बर्फाहून कठीण वस्तूवर आपटला, म्हणजे खडकावर, तर प्रतिध्वनी सुलट येतो. मऊ वस्तूवर आपटला, म्हणजे पाण्यानं भरलेल्या चिखलावर, तर उलट येतो. रेघ आधी वर गेली की खाली, एवढ्यावरून दोन किलोमीटर खाली खडक आहे की चिखल हे आम्ही छातीठोकपणे सांगायचो.

हे जाणून घ्यायचं कशाला? तर हिमनदी ही खरोखर नदी आहे, फक्त सावकाश वाहणारी. खाली खडबडीत खडक असेल तर ती अडून अडून चालते. खाली ओला चिखल असेल तर साबणाच्या पाण्यानं भिजलेल्या फरशीवरून पाय सटकावा तशी समुद्राकडे सरकते. किती बर्फ समुद्रात जाणार, हे त्या तळावर अवलंबून. खडक हा हिमनदीचा ब्रेक आहे, असं आमचे प्रोफेसर म्हणायचे.

या ब्रेकचीच ही गोष्ट आहे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी नागपूरहून एम.एस्सी. करून पेनसिल्व्हेनियात स्टेट कॉलेजला पीएच.डी.साठी आले. गावाचं नावच स्टेट कॉलेज, त्यामुळे घरी पत्ता कळवताना बाबांना वाटलं की मी गावाचं नाव लिहायला विसरले. एका अपार्टमेंटमध्ये मी आणि पुण्याची मेधा, अशा दोघी राहायचो. ती कॉम्प्युटर सायन्सची. हिंग संपला तर कुणाची तरी गाडी पिट्सबर्गला जाईपर्यंत वाट पाहायची, आणि कॅम्पसची बस चुकली तर बर्फातून चालत जायचं, असा सगळा संसार.

माझे प्रोफेसर डॉ. कार्व्हर. उंच, अबोल, आणि अबोल माणसांच्या मोजक्या बोलण्याचा असतो तसा ज्यांचा धाक वाटे असे. प्रयोगशाळेचे तंत्रज्ञ होते वॉल्ट. वॉल्ट तरुणपणी तिथल्या कोळशाच्या खाणींमध्ये इलेक्ट्रिशियन होते आणि आमच्याकडची एकूण एक तार त्यांच्या हातची होती. त्यांना मी पहिल्या दिवशी "सर" म्हटलं तर ते वळून मागे कोण आलंय ते बघायला लागले.

माझ्या पहिल्या मोहिमेच्या दोन महिने आधी वॉल्टना पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी सुट्टीवर जावं लागलं. जिओफोनच्या दोन पेट्या होत्या. नारिंगी पेटी वॉल्टनी तयार करून ठेवली होती. निळ्या पेटीतल्या चोवीस जिओफोनच्या तारा मात्र जुन्या होऊन तडकल्या होत्या, त्या सगळ्या बदलायच्या होत्या. कार्व्हर बाहेर कुणाकडून तरी करून घ्यायचं म्हणत होते. मी म्हटलं, मी करते.

त्यात बढाई नव्हती. नागपूरच्या इंदोरा वस्तीत आमच्या बाबांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. नवव्या वर्षी माझ्या हातात सोल्डरिंगची कावी, म्हणजे तारांना डाख द्यायची तापती सळई, आली होती. बाबा म्हणायचे, टाका चमकला पाहिजे, पिठूळ दिसला तर पुन्हा कर. दोन दिवसांत मी चोवीसच्या चोवीस जिओफोन नवे केले. नव्या केबलमध्ये दोन तारा होत्या, एक काळी आणि एक पांढरी. काळी मी वजा टोकाला जोडली आणि पांढरी अधिक टोकाला. यात विचार करण्यासारखं काही आहे, असं मला वाटलंच नाही. काळी म्हणजे वजा हे मला बाराखडीच्या आधीपासून ठाऊक होतं. सगळे टाके चमकत होते.

बर्फावरचा तो पहिला हंगाम मला आजही लख्ख आठवतो. चोवीस तास ऊन, चार माणसं, तीन तंबू. हिमनदीच्या वरच्या अंगाला एका सरळ रेषेत चोवीस ठिकाणी थांबून सुरुंग उडवायचे होते. या थांब्यांना मी मनात ठाणी म्हणायची, रेल्वेच्या ठाण्यांसारखी. यंत्राची स्मृती त्या काळी अगदी तुटपुंजी होती. दोन दिवसांत ती भरत आली, तेव्हा मी एक काटकसर सुचवली. तळाचा प्रतिध्वनी सेकंदाभरानं येतो, मग स्फोट झाल्या क्षणापासून कशाला नोंदायचं? सुरुवातीचा भाग सोडून देऊ, जागा वाचेल. कार्व्हरनी क्षणभर विचार केला आणि मान डोलावली. सहाव्या ठाण्यापासून आम्ही सुरुवात सोडून नोंदायला लागलो. आपण किती हुशार, असं मला वाटलं होतं.

चौदाव्या ठाण्यानंतर एक अपघात झाला. स्नोमोबाईल मागे घेताना नारिंगी पेटीच्या केबलवरून गेली आणि केबल तुटली. चालवत होते स्वतः कार्व्हर. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर त्याला महिनाभर ऐकावं लागलं असतं. आता कुणी बोलेचना. मग आम्ही निळी पेटी काढली.

चौदा ठाण्यांवर प्रतिध्वनी उलट आला होता. चिखल, चिखल, चिखल. पंधराव्यावर रेघ वर गेली. सोळाव्यावर वर. थेट चोविसाव्यापर्यंत वर. इथं चिखल संपत होता आणि खडक सुरू होत होता! हिमनदीला ब्रेक होता, आणि तो नेमका कुठून लागतो हे जगात पहिल्यांदा आम्हाला सापडलं होतं. त्या दिवशी कार्व्हरनी स्वतःच्या हातानं माझ्यासाठी कोको केला आणि म्हणाले, "रत्ना, हा तुझा थीसिस."

माझं पूर्ण नाव रत्नमाला. हे त्यांना जमायचं नाही. पण त्या दिवशी ते मला काहीही म्हणाले असते तरी चाललं असतं.

परत आल्यावर सात-आठ महिने मी त्या नोंदींवर काम केलं. पेपर तयार झाला. पहिलं नाव माझं. एका शुक्रवारी तो कार्व्हरच्या टेबलावर लिफाफ्यात घालून ठेवला होता, सोमवारी पोस्टात पडायचा होता. त्याच्याच जोरावर पुढचा हंगामही ठरला होता. खडक वरच्या अंगाला किती लांब पसरलाय ते शोधायला आम्ही आणखी पुढे जाणार होतो.

मला फक्त एक बारीकसं काम उरलं होतं. आकृतीखाली कुठल्या ठाण्यावर कुठली उपकरणं वापरली, ती ओळ लिहायची. मी बर्फावरची वही उघडली. चौदाव्या ठाण्याच्या खाली माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, "नारिंगी पेटी बंद. निळी सुरू."

खडक पंधराव्या ठाण्यापासून सुरू होत होता. निळी पेटीही पंधराव्या ठाण्यापासून सुरू होत होती.

निळ्या पेटीच्या तारा उलट्या जोडल्या असतील, तर तिथली प्रत्येक रेघ उलटी दिसणार. चिखल असेल तिथं खडक दिसणार. याची शहानिशा करणं एरवी अगदी सोपं असतं. स्फोटाचा पहिला धक्का बर्फातून सरळ जिओफोनपर्यंत येतो, आणि तो नेहमी रेघ एकाच बाजूला ढकलतो. तो बघितला की तारा सुलट की उलट ते लगेच कळतं. पण तो धक्का नोंदीच्या सुरुवातीलाच असतो, आणि सुरुवात आम्ही सोडून दिली होती. ज्या पाच ठाण्यांची सुरुवात नोंदली होती, ती सगळी नारिंगी पेटीची.

निळी पेटी त्या वेळी अंटार्क्टिकातल्या संशोधन केंद्रावर कुलपात पडून होती. तिथं हिवाळा होता, विमानं बंद होती. पण प्रयोगशाळेच्या खणात एक जादा जिओफोन होता. चोविसातला नव्हे, सराव म्हणून मी सगळ्यांत आधी जोडलेला. तो आणि वॉल्टचा एक, असे दोन मी यंत्राला लावले, टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि टेबलाला बोटानं टकटक केलं.

एक रेघ वर गेली, दुसरी खाली.

वॉल्ट तेव्हा बाजूच्या खोलीतच होते. मी त्यांना बोलावलं. त्यांनी माझा जिओफोन उलटसुलट करून पाहिला, आधी टाका निरखला आणि म्हणाले, "सोल्डर सुंदर केलंयस. पण काळी वजाला का लावलीस?"

"काळी वजाच असते," मी म्हणाले.

"काळीत तर करंट असतो," वॉल्ट म्हणाले. "काळीला हात लावला तर माणूस मरतो. खाणीत पहिल्या दिवशी हेच शिकवतात."

मग आमच्या दोघांच्याही एकदम लक्षात आलं. अमेरिकेतल्या घरांच्या वायरिंगमध्ये काळी तार वीज आणणारी असते आणि पांढरी परत नेणारी. आमच्या इंदोऱ्यात लाल तार वीज आणायची आणि काळी परत न्यायची. वॉल्टनी खाणीतल्या सवयीनं प्रत्येक जिओफोनची काळी तार अधिक टोकाला लावली होती, यंत्राकडची जोडणीही त्याच हिशेबानं केली होती, आणि मी दुकानातल्या सवयीनं काळी वजाला लावली. दोघांनाही ते इतकं उघड वाटत होतं की कुणी कुठं लिहून ठेवलं नव्हतं आणि कुणी कुणाला विचारलं नव्हतं.

घरी आल्यावर मी मेधाला सांगितलं. ती मॅगी करत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण यार, एकच पीस टेस्ट केलायस ना तू? बाकीचे चोवीस ओके असू शकतात. यू डोन्ट नो."

"एकाच हातानं, एकाच केबलनं, लागोपाठ केलेत मी."

"अगं, पण कोण चेक करणार आहे? अंटार्क्टिकात जाऊन? पेपर सबमिट कर, डिफेन्ड कर, डिग्री घे. नंतर पुढच्या सीझनला कळलं तर करेक्शन टाक. सगळे तेच करतात."

मेधा वाईट मुलगी नव्हती. माझ्या काळजीनंच बोलत होती. आणि खरं सांगायचं तर तिनं जे मोठ्यानं म्हटलं ते मी बसमध्ये बसल्या बसल्या मनात म्हणून झालं होतं. लिफाफा तिथंच होता. मी काही केलं नसतं तरी तो सोमवारी पोस्टात पडला असता.

मला भीती कशाची वाटत होती, तेही लिहिते. नागपूरला माझं नाव गुणवत्ता यादीत आलं तेव्हाही कॉलेजात कुणी तरी म्हटलंच होतं की यांना काय, जागा राखलेल्याच असतात. तेव्हापासून मी स्वतःला चूक करायची मुभा दिली नव्हती. माझ्यासारखीची चूक तिच्या एकटीची राहत नाही, ती सगळ्या वस्तीच्या नावावर लागते, हे मला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. स्टेट कॉलेजमध्ये तर आमच्यातली मी एकटीच होते. आता ही चूक कार्व्हरना सांगायची, म्हणजे त्या कॉलेजातल्या माणसाच्या हाती आपण होऊन काठी द्यायची, असं मला वाटत होतं. रडू आलं, तेही रागाचं.

रविवारी सकाळी बाबांना फोन करायचा दिवस. तिकडे संध्याकाळ असायची, ते दुकानाशेजारच्या एसटीडी बूथमध्ये येऊन बसायचे.

"जय भीम, बाबा."

"जय भीम, पोरी. आवाज काहून असा?"

मी सांगितलं. काळी तार, पांढरी तार, सगळं. मला वाटलं ते म्हणतील की काही हरकत नाही, होतं असं. बूथमधल्या पंख्याचा आवाज येत होता.

"जोडायच्या आधी मीटर लावून पाहिलं होतं का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मंग?" बाबा म्हणाले. "रंगावर गेलीस तू. मी तुला रंग सांगितला होता, पण मीटरही दिलं होतं ना बाप्पा. गिऱ्हाइकाचा रेडिओ आपल्या हातून जळला तर काय करतो आपण?"

"सांगतो."

"त्यानं विचारायच्या आधी सांगतो," बाबा म्हणाले, आणि मग आईला बरं वाटतंय, पाऊस पडला, असं इतर बोलायला लागले. मला त्यांचा राग आला होता. चुकीबद्दल कुरवाळून घ्यायला फोन केला होता, आणि त्यांनी तर आणखी एक चूक दाखवली. पण फोन ठेवल्यावर डोकं जागेवर आलं होतं.

सोमवारी आठ वाजता मी कार्व्हरच्या दाराशी उभी होते. ते यायच्या आधी. त्यांनी कोट काढायच्या आत मी म्हटलं, "पेपर पाठवू नका. तो खडक मी सोल्डर केलाय."

मग वही दाखवली, दोन्ही जिओफोन दाखवले, टेबलावर टकटक केलं. त्यांनी स्वतः दोनदा करून पाहिलं. मग खिडकीशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. तिथूनच म्हणाले, "एक जिओफोन म्हणजे चोवीस नव्हेत."

"म्हणूनच परत जाऊन तपासायचंय."

"रत्ना, विमानाचे तास ठरलेत. आपण पुढे जाणार आहोत, मागे नाही."

"खडक मुळात नसेल तर पुढे काय शोधणार?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. गुरूशी असं बोलायची सवय नव्हती, पण एकदा तोंड उघडल्यावर मागे फिरणं मला जमलं नाही. "मला पंधरावं ठाणं द्या. सोळावं आणि सतरावं द्या. दोन्ही पेट्या शेजारी शेजारी रोवते, एकाच स्फोटाला दोन्हींनी ऐकू दे. आणि नोंद सुरुवातीपासून."

त्यांनी लिफाफा उचलला, खणात टाकला आणि खण बंद केला. "दोन दिवस," ते म्हणाले. "खराब हवेत गेले तर गेले. तिसरा मिळणार नाही." माझ्यावर ते चिडले नाहीत. पण पुढचे दोन महिने ते माझ्याशी कामापलीकडे एक अक्षरही बोलले नाहीत, आणि ते मला चिडण्यापेक्षा जड गेलं. वॉल्टनी मात्र दुसऱ्याच दिवशी प्रयोगशाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत तारांचे रंग लिहून चिकटवले. खाली लिहिलं होतं, "आधी मीटर." बाबांचं बोलणं मी त्यांना सांगितलं होतं.

त्या वर्षी विमानानं आम्हाला पंधराव्या ठाण्यावर उतरवलं आणि दुसऱ्या तासाला वारा सुटला. पहिला सबंध दिवस आम्ही तंबूत बसून काढला. बाहेर हात लांब केला तर पंजा दिसत नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी वारा पडला आणि आम्ही बाहेर आलो तर ड्रिलचा पंप गोठून फुटला होता. हे ड्रिल गरम पाण्याच्या धारेनं बर्फात भोक पाडतं. पंप नाही तर भोक नाही, भोक नाही तर सुरुंग नाही. संध्याकाळी, म्हणजे घड्याळातल्या संध्याकाळी, विमान येणार होतं.

"पुरे झालं," कार्व्हर म्हणाले. "प्रयत्न केलास."

"हातानं फिरवायचा गिरमिट आहे ना?" मी विचारलं.

"त्यानं पाच-सहा मीटरच जाता येईल. वरचा बर्फ भुसभुशीत, आवाज तिथंच विरेल."

"थोडा तर खाली जाईल."

मी गिरमिट फिरवायला लागले. लांबी वाढवायला एक दांडी जोडायची, फिरवायचं, वर ओढायचं, बर्फ झटकायचा, परत खाली सोडायचं. खांदे भरून आले. चेहऱ्यावरच्या मफलरवर श्वासाचं बर्फ झालं. थोड्या वेळानं गिरमिटाच्या दुसऱ्या मुठीवर एक मोठा हातमोजा आला. कार्व्हर होते. तेही फिरवायला लागले. आमच्या दोघांत उंचीचा इतका फरक की मूठ एका बाजूनं वर आणि एका बाजूनं खाली जात होती, पण चालत होतं.

नारिंगी पेटीची तुटलेली केबल तोवर बदलून झाली होती; दोन्ही पेट्यांतले जिओफोन मी शेजारी शेजारी रोवले. नारिंगी, निळा, नारिंगी, निळा. स्फोट केला. भोकातून बर्फाचा फवारा उडाला, पायाखाली हलकंसं थरथरलं, आणि मी यंत्रावर वाकले.

नोंदीच्या सुरुवातीला पहिला धक्का होता. नारिंगी रेघा जायला हव्यात त्या बाजूला गेल्या होत्या. निळ्या सगळ्याच्या सगळ्या विरुद्ध बाजूला. एकही अपवाद नाही. मी चोवीसच्या चोवीस सारख्याच निगुतीनं उलटे जोडले होते.

मग सेकंदाभरानंतरचा भाग पाहिला. प्रतिध्वनी अशक्त होता, पण होता. नारिंगी रेघांवर तो उलट आला होता.

"काय आहे खाली?" कार्व्हरनी विचारलं. त्यांना स्वतःला दिसत होतं, तरी माझ्याकडून ऐकायचं होतं.

"चिखल," मी म्हणाले.

सोळाव्यावर चिखल. सतराव्यावर आम्ही पोचलो तेव्हा विमानाचा आवाज यायला लागला होता, तरी तिथलाही स्फोट केला. तिथंही चिखल. सामान चढवताना कार्व्हर म्हणाले, "म्हणजे ब्रेक नाही." मग त्या दोन महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "हे पेपरात लिहायचं. पेटीसकट." आम्ही लिहिलं. हिमनदीचा तळ त्या सगळ्या रेषेवर मऊ आणि ओला आहे, असा तो पेपर होता, आणि शेवटी एक परिच्छेद माझ्या तारांवर. तो परिच्छेद मीच लिहायचा हट्ट धरला. मेधानं तो वाचून "यू आर मॅड" म्हटलं आणि थीसिसच्या डिफेन्सच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या, दिवशी सगळ्या डिपार्टमेंटला पुरेल इतका शिरा केला.

पुढे मी बर्फ सोडला आणि टेक्सासला तेलाच्या कंपनीत आले. तिथंही जमिनीवर टिचक्या मारणं हेच काम होतं, पण खाली जे सापडायचं ते उपसून जाळायलाच. पगार चांगला होता आणि घरी पैसे पाठवायचे होते. त्याची खंत आहे आणि ती असू दे.

मागच्या वर्षी मला एका मुलीचा फोन आला. मूळची अमरावतीची, स्टेट कॉलेजलाच संशोधन करणारी. आमच्याच हिमनदीवर. "मावशी, सॉरी हं, तुम्हाला असं डिस्टर्ब करतेय," ती म्हणाली. "तुमचा जुना डेटा मी रीप्रोसेस करतेय. आमचं मॉडेल सांगतंय की ग्लेशियर खूप फास्ट होणार. म्हणजे खूपच. एखादा छोटासा हार्ड पॅच असता ना, तरी फरक पडला असता. तुमचे पंधरा ते सतरा... तिथला सिग्नल वीक आहे. काही चान्स आहे का, की तुमचं पहिलं इंटरप्रिटेशनच बरोबर होतं?"

मी तिला तासाभरानं फोन करते म्हटलं. गॅरेजमधल्या खोक्यातून त्या तीन नोंदींच्या प्रती काढल्या, जेवणाच्या टेबलावर पसरल्या आणि भिंग घेऊन बसले. तारुण्यात माझी चूक शोधायला मी जितका जीव काढला होता, तितकाच आता ती चूक नव्हती हे शोधायला काढत होते. पहिला धक्का पाहिला. प्रतिध्वनी पाहिला. कागद उलटा धरून खिडकीच्या उजेडातही पाहिला. एकदा तरी, एका ठाण्यावर तरी, रेघ आधी वर जावी असं मला फार फार वाटत होतं.

मग मी तिला फोन लावला.

"नाही गं," मी म्हणाले. "तिथं चिखलच आहे. खडक मी जोडला होता."